हिवतापाचे कोडे आणि सर रोनाल्ड रॉस

(द्वितीय वर्ष, कला)

डास चावल्याने हिवताप होतो, हे आज चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेले असते आणि पावसाळ्याच्या आरंभी आरोग्यसेवक ते घरोघरी सांगून जातात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी जगातला एकही डॉक्टर ही गोष्ट पुराव्यानिशी सांगू शकत नव्हता. ती ज्यांनी सिद्ध केली ते सर रोनाल्ड रॉस आपल्याच देशात जन्मले आणि आपल्याच देशातील रुग्णांवर व डासांवर त्यांनी हे काम केले. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध शाळेत एकदा कांद्याची साल पाहण्यापुरताच आला. तरीही हे चरित्र लिहावेसे वाटले, कारण आपल्या कर्जत-खालापूरच्या माणसाला पाऊस आणि ताप ही जोडी जन्मापासून परिचयाची आहे. आणि ही जोडी नेमकी कशी जुळते, हे रॉस यांच्या आयुष्याच्या कथेतून जितके स्पष्ट होते तितके मला दुसऱ्या कशातून झाले नाही.

भाताच्या लावणीच्या दिवसांत कुणाला हुडहुडी भरून ताप आला, की आमच्याकडची जुनी माणसे पाणी बाधले किंवा हवा बाधली असे म्हणतात. ह्या समजुतीला हसण्याचे कारण नाही. युरोपातील पंडितही शतकानुशतके तेच मानत होते. मलेरिया हा शब्दच मुळी वाईट हवा ह्या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून बनला आहे. दलदलीतून विषारी वाफ उठते आणि ती श्वासावाटे शरीरात जाते, असा सर्वत्र समज होता. पाणथळ जागा, दमट हवा, उबदार रात्री आणि ताप हे एकत्र आढळतात, हे निरीक्षण खरे होते. मधला दुवा मात्र कुणाला दिसला नव्हता.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मीरतचा उठाव होऊन तेव्हा अवघे तीन दिवस झाले होते. वडील कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत मोठे. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. मुलाचा ओढा चित्रकला, संगीत, काव्य आणि गणित यांकडे होता. डॉक्टर होण्याची इच्छा त्याला मुळीच नव्हती. वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतले. अभ्यासात त्यांचे मन नव्हते. एका परीक्षेत अपयश आले, काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली, आणि अखेर 1881 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन हिंदुस्थानात परतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या ह्या माणसाची सुरुवात अशी अगदी बेताची होती, हे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना धीर देणारे आहे.

1883 मध्ये बंगळूरला असताना त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातही हाच उपाय करावा, असे त्यांनी सुचविले. परंतु डास देवानेच कशासाठी तरी निर्माण केले आहेत, तेव्हा निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको, असे सांगून संबंधित अधिकाऱ्याने ती सूचना फेटाळली. डासांचा आणि तापाचा काही संबंध असेल ही कल्पना त्या वेळी रॉस यांच्याही मनात नव्हती. साचलेले पाणी काढले की डास जातात, एवढी गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात राहिली.

इकडे 1880 मध्ये लाव्हेरान ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी जंतू पाहिला. तापाचे कारण हवा नसून हा जंतू आहे, हे त्यामुळे पुढे आले. पण तो एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो कसा, हे कोडे राहिलेच. लंडनमधील डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी पूर्वी चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे पाहिले होते. हिवतापाच्या बाबतीतही डासच गुन्हेगार असावा, असा त्यांचा तर्क होता. 1894 मध्ये रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांची त्यांच्याशी भेट झाली. मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू दाखविला आणि रॉस यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

1895 मध्ये बोटीने मुंबईस उतरताच, सामान कस्टममधून सुटण्याचीही वाट न पाहता, ते हिवतापाचे रुग्ण शोधीत मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेले आणि रक्ताचे नमुने तपासू लागले. तेथून ते नेमणुकीच्या जागी, सिकंदराबादला गेले. मॅन्सन यांची समजूत अशी होती, की डास पाण्यात मरतो, त्याच्यातील जंतू पाण्यात मिसळतात आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला ताप येतो. त्यानुसार रॉस यांनी काही माणसांना पैसे देऊन असे पाणी पाजून पाहिले. हा प्रयोग आज कोणत्याही डॉक्टराला करू दिला जाणार नाही, आणि तो ज्यांच्यावर झाला ते गरीब, पैशाची निकड असलेले लोक होते, हे चरित्रकाराने लपवू नये. प्रयोगातून निष्पन्नही काही झाले नाही. तेवढ्यात पटकीची साथ आवरण्यासाठी त्यांना बंगळूरला धाडण्यात आले आणि संशोधन बाजूला पडले.

दोन वर्षे अपयश येण्याचे खरे कारण वेगळेच होते. रॉस ज्या डासांची चिरफाड करीत होते ते घरातल्या पिंपांत व गटारांत वाढणारे करड्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे डास होते. हे डास माणसाच्या हिवतापाचे वाहक नव्हेतच. 1897 च्या एप्रिलमध्ये ते उटकमंडजवळच्या सिगूर घाटात गेले. ही तापासाठी कुप्रसिद्ध अशी घाटपायथ्याची जागा. तेथे काळजी घेऊनही त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. तेथेच पंखांवर ठिपके असलेला आणि भिंतीवर तिरका बसणारा एक निराळा डास त्यांच्या नजरेस पडला. डासांच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीचे पाणी वेगळे आहे, हे सत्य हळूहळू उलगडू लागले.

त्या वर्षी सिकंदराबादला असह्य उकाडा होता. रुग्णालयातील छोट्या खोलीत रॉस दिवसाचे कित्येक तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. पंखा ओढण्याची सोय होती, पण वाऱ्याने चिरलेल्या डासाचे तुकडे उडून जातील म्हणून तो बंद ठेवावा लागे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि उरलेल्या एकुलत्या एका नेत्रभिंगाला तडा गेला. अशा अवस्थेत 16 ऑगस्ट 1897 रोजी त्यांनी अळ्यांपासून वाढविलेले ठिपकेदार पंखांचे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिले. त्याला दर डासामागे एक आणा देण्यात आला. 20 ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला, तेव्हा त्यातील पेशी कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. रॉस यांनी ओळखले, की हा माणसाच्या रक्तातील जंतूच असून तो डासाच्या पोटात वाढत आहे. 20 ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. त्या आनंदात त्यांनी एक कविता लिहून पत्नीला पाठविली. नावडीने डॉक्टर झालेला कवी आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी पुन्हा कवी झाला.

येथे थोडे थांबून हवामानाकडे पाहिले पाहिजे. आज आपल्याला माहीत आहे, की डासाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढे तापमान तेवढेच त्याच्या पोटात. म्हणून जंतूची वाढ हवेच्या तापमानावर ठरते. 25 ते 28 अंश सेल्सिअसला घातक जातीचा हिवतापाचा जंतू सुमारे दहा-बारा दिवसांत पूर्ण वाढतो. 20 अंशांवर त्यालाच जवळजवळ चार आठवडे लागतात आणि 18 अंशांच्या खाली त्याची वाढ थांबल्यासारखीच होते. आता डासाचे आयुष्य काही आठवड्यांचेच. वाढ लांबली तर जंतू तयार होण्यापूर्वीच डास मरून जातो. कोरड्या हवेत डास लवकर मरतो, तर दमट हवेत अधिक दिवस जगतो. म्हणजे ऊब जंतूला वाढवते, दमटपणा डासाला जगवतो आणि पाऊस अळ्यांना जागा देतो. ही तीनही एकत्र आली की तापाची साथ पसरते. हवा बाधते असे म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे होते ते असे. रॉस यांना ते पेशींचे वाढणे चार-पाच दिवसांत दिसले, त्यामागे त्यांना छळणारा तो उकाडाही होता.

शोध पूर्ण होण्याच्या बेतात असतानाच सरकारी हुकूम आला. सप्टेंबर 1897 मध्ये त्यांची बदली मुंबईस आणि तेथून राजपुताण्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रुग्णच जवळजवळ नव्हते. रॉस संतापले, राजीनाम्याची भाषा त्यांनी केली. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली, तेव्हा फेब्रुवारी 1898 मध्ये त्यांना संशोधनासाठी कलकत्त्यास पाठविण्यात आले. पण तेथे तो हिवतापाचा हंगाम नव्हता. शिवाय मुंबईस 1896 मध्ये सुरू झालेल्या प्लेगची धास्ती देशभर पसरली होती. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे जून 1897 मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. कलकत्त्यात लोक सुईला इतके भ्याले होते, की रक्ताचा थेंब देण्यास कुणी तयार होईना. रॉस मग पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांनाही त्यांचा एक हिवताप होतो. महमद बक्स ह्या मदतनिसाच्या साहाय्याने त्यांनी चिमण्या व चंडोल पिंजऱ्यात ठेवले आणि डासांना त्यांचे रक्त पाजले. जुलै 1898 मध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो असे आढळले. ते डास निरोगी चिमण्यांना चावताच चिमण्या आजारी पडल्या. पाणी पिऊन नव्हे आणि श्वासावाटेही नव्हे, तर डासाच्या दंशातून रोग शरीरात शिरतो, हे सिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी ॲनॉफिलीस जातीच्या डासामुळेच माणसाला हिवताप होतो हे प्रयोगाने दाखविले. श्रेय कुणाचे, यावरून रॉस व ग्रासी यांच्यात कडवट वाद झाला. रॉस स्वभावाने तापट आणि मानी होते. हा वाद त्यांनी आयुष्यभर मनात ठेवला. 1902 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले.

1899 मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ते शिकवू लागले. शोधापेक्षाही त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. कारण नुसते कारण सापडून त्यांचे समाधान झाले नाही. लोक बरे झाले पाहिजेत असा त्यांचा ध्यास होता. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे त्यांनी डबकी बुजविण्याची व गटारे वाहती करण्याची मोहीम काढली. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया शहरात 1902 पासून असेच उपाय झाले आणि तेथील हिवताप थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. मॉरिशस बेटाच्या पाहणीच्या निमित्ताने त्यांनी आपले लहानपणाचे गणित बाहेर काढले आणि दाखवून दिले, की रोग घालविण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली, की रोग आपोआप ओसरतो. आजच्या साथरोगांच्या गणिताचा पाया ह्या कामात आहे.

अर्थात सर्वत्र यश आले नाही. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत कालव्यांच्या पाण्यामुळे डासनिर्मूलनाचा प्रयोग फसला आणि हिंदुस्थानातील सरकारी डॉक्टर रॉस यांच्या मतांविषयी साशंक झाले. 1908 मध्ये पंजाबात अतिवृष्टीनंतर हिवतापाची भयंकर साथ आली. क्रिस्टोफर्स ह्या डॉक्टरांनी तिचा अभ्यास करून 1911 मध्ये दाखविले, की मृत्यूचे प्रमाण पावसाइतकेच धान्याच्या महागाईशीही जोडलेले होते. पाऊस सर्वांवर सारखा पडला. पण उपाशी माणसे अधिक मेली. मुंबईत लिस्टन आणि त्यांच्यामागून बेंटली यांनी शोधले, की शहरातील हिवतापाचा डास चिखलात नव्हे तर घरोघरच्या विहिरींत वाढतो. त्यानंतर विहिरी झाकण्याची वा बुजविण्याची मोहीम सुरू झाली आणि तिला धार्मिक कारणांवरून विरोधही झाला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे, हा मुंबईचा नियम त्याच परंपरेतला आहे.

ह्या सर्व दृष्टीने आपल्या परिसराकडे पाहिले तर काय दिसते? डोक्यावर माथेरान व सह्याद्रीचा कडा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. जुलैच्या मुसळधार पावसात ओढे फुफाटून वाहतात आणि अळ्या वाहून जातात. पाऊस उघडझाप करू लागला, की ओढ्याच्या कडेला स्वच्छ पाणी संथ होते. घाटपायथ्याचा ॲनॉफिलीस अशाच पाण्यात वाढतो. भातखाचरांत आणि पाटांत त्याचा दुसरा भाऊबंद. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांत उन्हाळ्यातही फिरते. त्या पाण्याने दुबार भात दिला ही मोठी कृपा आहे, पण पाट तुंबला तर तेच पाणी डासांचेही होते. आता त्यांत वीटभट्ट्यांचे खड्डे, बांधकामांवरच्या टाक्या आणि आठवडाभर बंद असणाऱ्या फार्महाउसांचे पोहण्याचे तलाव यांची भर पडली आहे. डेंग्यूचा डास तर घरातलाच. ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या डासांवर रॉस यांची दोन वर्षे गेली, त्यांच्याच कुळातला तो. तो पिंपात, टायरात आणि कुंडीखालच्या बशीतही वाढतो.

आणि येथे मला रॉस यांच्या बंगळूरच्या पिंपाची आठवण होते. त्यांनी ते उपडे केले, कारण पाणी पुन्हा भरून देणारा नोकर त्यांच्यापाशी होता. आमच्या घरी पाणी भरण्याचे काम माझ्याकडे आहे. इतका पाऊस पडणाऱ्या ह्याच तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतील बाया हंडाभर पाण्यासाठी लांबवर चालतात, टँकरची वाट पाहतात आणि आलेले पाणी मिळेल त्या पिंपात साठवतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाणी ओतून द्या, असे त्यांना सांगणे सोपे आहे. पण जे पाणी डोक्यावरून आणले ते कोण ओतील? तिच्या घरी ताप आला तर दोष तिच्या निष्काळजीपणाला द्यायचा, की नळ न पोहोचण्याला? पंजाबात पाऊस आणि भूक एकत्र आली होती. येथे उन्हाळा आणि टंचाई एकत्र येते. लावणीच्या दिवसांत ताप आला, तर आजाराबरोबर मजुरीही बुडते आणि वर्षाची बेगमीही. डासाला जन्म हवामान देते हे खरे, पण तो कुणाच्या दारात वाढावा हे बऱ्याच अंशी माणसांची व्यवस्था ठरवते.

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. पिंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे दुपदरी फडके घट्ट बांधले, तर डास आत जात नाही आणि पाणीही वाया जात नाही. रिकामे झालेले पिंप आतून घासले, तर कडेला चिकटलेली अंडी निघतात. विहिरीत गप्पी मासे सोडता येतात. स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हा ताप येत असे. डीडीटीच्या फवारणीने 1965 पर्यंत हा आकडा एका लाखाच्या आसपास आला. पण यश मिळाले म्हणून ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि 1976 मध्ये रुग्ण पुन्हा 64 लाखांवर गेले. नुसत्या फवाऱ्यावर विसंबून चालत नाही, पाण्याची व्यवस्थाच सुधारली पाहिजे, हे रॉस यांचे म्हणणे अशा रीतीने पुन्हा खरे ठरले. आता पृथ्वीचे तापमान वाढत आहे. पूर्वी थंडीमुळे सुरक्षित असलेल्या उंच जागांवरही डास आणि जंतू तग धरू लागतील, असे शास्त्रज्ञ बजावीत आहेत.

रॉस यांची अखेरची वर्षे फारशी सुखाची नव्हती. 1911 मध्ये ते सर झाले, 1926 मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संशोधनसंस्था उभी राहिली आणि 1927 मध्ये कलकत्त्यातील रुग्णालयाच्या आवारातील स्मारकाच्या उद्घाटनास ते स्वतः उपस्थित राहिले. पण पैशाची ओढ कायम होती. 1928 मध्ये त्यांनी आपले कागदपत्र विकायला काढले. पत्नीच्या निधनानंतर वर्षभराने, 16 सप्टेंबर 1932 रोजी, त्यांच्याच नावाच्या संस्थेत त्यांनी देह ठेवला. ते साम्राज्याचे सेवक होते, आणि त्यांच्या शोधाचा पहिला लाभ छावण्यांना व बंदरांना झाला. हुसेन खान आणि महमद बक्स यांच्याविषयी इतिहासाने नावापलीकडे फारसे काही टिपून ठेवले नाही. तरीही जो शोध लागला तो सर्वांचा झाला, यात शंका नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण आपल्या घरातले पहिले कॉलेजात आलेले आहोत. घरी आपण काही सांगितले तर ते ऐकले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गावात जाते तेव्हा आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. यंदा त्याच्या जोडीने एका वाडीतली पिंपे मोजावीत, किती उघडी व किती झाकलेली ते लिहावे, फडकी बांधून द्यावीत, आणि पाणी किती लांबून येते हाही आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा. रॉस यांनी एकेक डास मोजून कोडे सोडवले. आपल्याला तर फक्त पिंपे मोजायची आहेत.